पासंग

कुताइसीच्या बाजारात माझं काम एवढंच:
तराजू तपासायचे.
पितळी वजनांची पेटी, आत विटकी निळी मखमल,
एक चिमटा, एक शिक्का,
आणि शाईने माखलेली वही.
अक्रोडवाले, चीजवाल्या, वाळल्या झेंडूची पूड विकणारी म्हातारी
मला दुरून बघूनच पारडी पुसायला लागतात.
आली लामारा, म्हणतात, आता मापात पाप नाही.

सप्टेंबरात चुकले.
त्सित्सिनोच्या तराजूवर शिक्का मारला
आणि मालाच्या पारड्याखाली मेण होतं,
वीज गेलेली तेव्हाच्या मेणबत्तीचं.
वीस ग्रॅमचा पासंग.
रिकामा तराजू आधी बघायचा असतो,
पहिला धडा तो. तोच बघितला नाही.
तीन आठवड्यांनी कुणीतरी घरी चीज मोजलं
आणि भर बाजारात त्सित्सिनोला चोर म्हणालं.
मी तिथेच सांगितलं, चूक माझी आहे.
दंड भरला. विषय मिटला.
बाजाराचा मिटला.

रात्री खिडकीत रिओनीचं पाणी वाजत राहतं
आणि माझं न्यायालय भरतं.
फिर्यादी मी, साक्षीदार मी, निकालही माझाच,
आरोपीला तेवढी तोंड उघडायची मुभा नाही.
आंधळी. कामचुकार. एकतीस वर्षं फुकटचा पगार.
नवरा गेला तेव्हा डॉक्टरला उशिरा बोलावलंस,
तेही आण इथे, ठेव पारड्यात.
दुसऱ्या पारड्यात काहीच नाही.
मला कुणी असा तराजू दाखवला असता
तर जागेवर सील केला असता.

बेका माझा नवा उमेदवार, एकवीस वर्षांचा,
कान लाल झालेले, समोर उभा:
अक्रोडवाल्याच्या वजनाला बोट लावलं म्हणून.
उघडं बोट लावायचं नसतं,
घाम चढतो, वजन वाढतं.
मी सवयीने विचारलं:
उजेड किती होता? आधी किती तराजू झाले होते?
जेवलास का?
त्याने सांगितलं, मी वहीत लिहिलं,
म्हटलं, धुऊन घे, परत मोज.
पाच मिनिटांचं काम.
तो गेला, आणि माझी बोटं
पेटीच्या झाकणावर तशीच राहिली.
किती रात्री मी ते मेण उघड्या हातांनी उचलते आहे?

घरी आले. कोट काढला नाही,
कोरा तक्ता काढून स्वयंपाकघरात बसले.
तपासणारी: लामारा. तराजू: लामारा.
आधी रिकामा.
काहीच ठेवायचं नाही, नुसतं बघायचं.
काटा थरथरत होता.
त्याला थांबवायला हात लावला की जास्त हलतो,
हे मी शेकडो जणांना शिकवलंय.
श्वास जरा बाजूला सोडायचा, बस्स.
किटलीवरचं झाकण वाजलं. शेजारी कुणी जिना उतरलं.
काटा हळूहळू मंद झाला, पूर्ण थांबला नाही.

मग लिहिलं.
उजेड: नव्हता.
त्या दिवशीचे तराजू: चोपन्न, आणि हा पंचावन्नावा.
रिकामा बघितला का: नाही.
हे "नाही" दोनदा खोडावंसं वाटलं, खोडलं नाही.
डॉक्टरची गोष्ट: या तराजूवरची नाही,
वेगळी मोजायची.
फरक: वीस ग्रॅम.
शून्य नाही. मणभरही नाही.

आवाज अजून येतो.
पहाटे तीनला हमखास येतो, मांजरासारखा.
मी म्हणते, हो, वीस. लिहिलंय.
तो थोडा वेळ घुटमळतो.

शनिवारी त्सित्सिनोने माझं चीज मोजलं.
आधी रिकामं पारडं दाखवलं,
मुद्दाम, भुवया उंचावून.
मग पाव किलो, काटा मधोमध,
आणि वर एक तुकडा, असाच.
काढ तो, म्हणणार होते मी, हिशोबात बसत नाही.
तोंड उघडलंही.
मग तो तुकडा तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.
खारट होता, चांगला.