कारण: इतर

नावं पुसूनच येतात माझ्याकडे मुलं.
वय अकरा महिने. धाप. खाट सात.
दाखल: रविवार, पहाटे तीन चाळीस.

जानेवारीत खाटा किती लागतील
ते गुरुवारपर्यंत सांगायचंय.
तीन वर्षांच्या नोंदी, मुक्काम सरासरी अडीच दिवस,
गणित बसत आलेलं,
आणि ही एक ओळ आडवी येते:
मंगळवारी बरं, शनिवारी घरी.
कारण: इतर.

वॉर्डात फोन लावला. सिस्टर ग्वेनिथ म्हणाली,
"मीटरमध्ये पैसे नव्हते रे त्यांच्या.
भिंतींना बुरशी. कुठे पाठवू लेकराला?"

खाली शेफील्डच्या चढावर
ट्राम कण्हत चाललेली.

'इतर' मोजत बसलो. एकशे बारा निघाले.
'चार रात्री खाट अडवली' असं लिहिलं होतं,
ते खोडलं.
नवा रकाना आखला. वर लिहिलं:
घरी ऊब आहे का?

खाली अजून सगळं कोरं.