किल्ली माझ्याकडं असते

समुदाय भवनाची किल्ली माझ्याकडं असते.
पंचायतीनं दिलेली नाही तशी;
शट्टुप्पा वॉटरमन गोव्याला कामाला गेला,
जाताना "वैनी, जरा ठेवा" म्हणाला,
त्याला आता चौथं वर्ष.

भवन म्हणजे एक हॉल, दोन संडास,
टाकी आहे, टाकीला नळ नाही.
दाराशी काळ्या दगडाची पाटी,
तिच्यातला आकडा तेवढा मला वाचता येतो:
अठरा लाख.
आत भिंतीवर नियमांचा कागद, सगळा कानडी.

यंदा रताळी काढायला आणि पाऊस यायला एकच गाठ.
दिल्लीच्या गाड्या भिजला माल उचलत नाहीत.
मळू, रेणका, पाखऱ्यांची थोरली,
पोती डोक्यावर घेऊन थेट माझ्या उंबऱ्यात.
"काढ की गं किल्ली."

सुनेला हाक मारली. इराव्वा, बैलहोंगलची;
बोलते मराठीत, पैसे मोजते कानडीत.
तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला.
बोट सातव्या ओळीवर थांबलं.
"व्यापार माडबारदु," पुटपुटली,
मग आमच्याकडं वळून म्हणाली,
"रताळ्याचं नाव कुठंच नाही की, अत्ती."

रात्रभर माती झाडली.
मोठी वेगळी, बारीक वेगळी,
कुदळ लागलेली घरच्या पातेल्यात.
उद्घाटनाला जिथं हार पडले होते
तिथं वजनकाटा मांडला.
सकाळी दलाल गावात आला, आपल्या पायांनी,
आणि पहिल्यांदाच तो उभा होता, आम्ही बसलेल्या.

क्विंटलला दीडशे जास्त. फार नाही.
रेणकानं त्यातनं टाकीला नळ बसवला,
बिल अजून माझ्याकडं आहे.

दसरा सरला आणि इंजिनिअर आला, फोटो काढायला.
कोपऱ्यातली माती बघितली, वास घेतला.
"इदेनु?"
मी उकडलेली दोन रताळी पुढं केली.
उभ्याउभ्या खाल्ली त्यानं,
साल कुठं टाकावी कळेना, खिशात घातली,
आणि फायलीत काहीतरी लिहिलं.
इराव्वा मागून वाकून बघत होती.
काय लिहिलं गं?
हसली नुसती. अजून सांगितलेलं नाही.

शट्टुप्पाचा फोन येतो कधीमधी.
"किल्ली आहे न्हवं?"
आहे की, म्हणते.
कुलपाचं तो विचारत नाही.
ते सध्या हिशेबाच्या वहीवर असतं,
वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून.