एकी-बेकी

सारेमा बेटावरच्या माणसांना एक स्वर येत नाही.
मुख्य भूमीवर तो ओठ गोल न करता घशामागून काढतात
आणि लिहिताना ओच्या डोक्यावर लाट देतात.
बेटावर लाट नाही, दोन ठिपके.
माझा नवरा तिथलाच. म्हणतो,
चहूकडे लाटाच असल्यावर
डोक्यावर आणखी एक कशाला?

यूला त्राल्ला, मच्छीमाराची बायको, टेप बाहत्तर सालची.
टायपिस्टबाईंनी तिचं बोलणं कागदावर उतरवताना
ठिपके पुसून जागोजाग शुद्ध लाट बसवली.
चांगल्या मनानेच.
फोटोआधी पाहुण्याची कॉलर सारखी करावी, तशी.

आता तार्तूच्या तळघरात माझं काम:
लाटा काढायच्या, ठिपके परत द्यायचे,
पण फक्त अवतरणचिन्हांच्या आत.
बाहेर एवाल्ड कोल्कचे प्रश्न आहेत, शहरी, इस्त्रीचे.
त्यांना हात लावायचा नाही.

पहिला रेगेक्स अधाशी निघाला.
पहिल्या चिन्हापाशी जो सुटला
तो शेवटच्या चिन्हापर्यंत सगळं गिळून बसला,
प्रश्न, तारखा, मध्येच भुंकलेला कुत्रा.

दुसऱ्याला शिकवलं:
लाटेपाशी उभा राहा, पुढे बघ,
शेवटपर्यंत उरलेली चिन्हं मोज.
एकी आली तर तू आत. बेकी, तर बाहेर.
आपण आत आहोत की नाही
हे अजून यायचंय त्यावरून ठरतं,
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

चालवला. पहिल्याच पानावर सगळं उलटं.
यूलाच्या तोंडी लाटा तशाच,
ठिपके एवाल्डच्या डोक्यावर.
म्हणजे पुढे कुठेतरी एक चिन्ह उघडलं
आणि मिटलंच नाही.
चूक पुढची, बिघडलं मागचं.

पान दोनशे अकरा. सप्टेंबर चव्वेचाळीस.
"होडीत अजून एक जागा होती, पण
मग टाइपात तीन टिंबं, आणि काही नाही.
टेप लावली.
भिंतीवरचं घड्याळ. अकरा सेकंद नुसतं घड्याळ.
टायपिस्टबाईंचा हातही इथेच थांबला असणार.

मिटणारं चिन्ह कुठे देऊ?
टिंबांच्या आधी दिलं
तर गप्प राहणं एवाल्डच्या वाटणीला जातं.
नंतर दिलं.

टेप बंद करायची राहिली होती.
खुर्ची सरकली, आणि एवाल्ड, अगदी हळू:
बहीण गेली का?
आमच्या भाषेत बहिणीच्या पहिल्याच अक्षरावर लाट असते.
मी मागे घेऊन चारदा ऐकलं.
लाट नव्हती.

रेगेक्स पुन्हा चालवला, बिनचूक चालला.
बहीण मात्र अवतरणाबाहेर, पुढे बेकी,
तिला कुणी शिवलं नाही.
तिथे मी हाताने गेले.

फाइल जतन केली.
नोंदीत लिहायचं असतं, किती अक्षरं बदलली:
तीन हजार नऊशे सहा.
आणि एक.