पाठीवरचं

गोष्ट साडेतीन पानांची.
एल आल्तोच्या ग्रंथालयात, मंगळवारच्या वर्गात
निएवेस तिकोना ती वहीत लिहून आणते.
वही नातवाची. कव्हरावर फुटबॉलचा संघ,
आत अर्धी पानं भागाकार.

मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं :
काळ म्हणजे नदी, काळ म्हणजे बाण,
जागा थोडी आहे, एकच घड्याळ टांगा,
दारही एकच ठेवा.
फळ्यावर बाण काढला होता, डावीकडून उजवीकडे.

तिच्या गोष्टीत एक बाई चालत असते
कथलाच्या खाणीपासून घरापर्यंत, पठारावरचे दोन तास.
पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कापड,
त्यात काहीतरी बांधलेलं.
पुढे नवरा चालतो. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याच्या पुढे आई, आईच्या पुढे मेंढरं,
बर्फाच्या त्या एका वर्षी मेलेली, सगळीच्या सगळी,
लांब, क्षितिजापाशी
सांडलेल्या मिठाएवढी.

मी लाल शाईने लिहिलं : हे मागे हवं.
भूतकाळ मागे असतो.

ती उठली. हॅट काढून बाकावर ठेवली.
"मास्तर, तुम्हाला तुमच्या मागचं दिसतं?"
"नाही."
"आणि काल झालेलं?"
मी खडू शोधू लागलो.
"दिसतं ते पुढ्यात. आमच्यात डोळ्याला आणि
होऊन गेलेल्याला शब्द एकच आहे.
उद्याचं कुणी बघितलंय?
म्हणून बाईने ते पाठीला बांधलंय."

कोपऱ्यातला वेल्डर, एर्मोहेनेस, खो-खो हसला :
"मी तर बहिणीच्या पाठचा.
म्हणजे तिचा उद्या मीच की! सांगतो तिला,
भाडं भर म्हणून."

शेवटच्या ओळीत बोचक्यातलं काहीतरी हलतं.
बाई वळत नाही. खांदा उडवून
गाठ जरा वर सरकवते, एवढंच.
मी म्हटलं, काय आहे आत ते तरी लिहा,
मूल आहे, बटाटे आहेत,
वाचणाऱ्याला कळायला नको?
"मला काय माहीत," ती म्हणाली,
"माझ्या पाठीवर आहे ते."

रात्री ला पाझला उतरताना
रोपवेच्या पाळण्यात उलटी जागा मिळाली.
खालचं शहर मानेमागून येत होतं,
आधी कुत्री, मग हॉर्न, मग कुठल्यातरी लग्नातला बँड.
समोर वर वर जाणारी एल आल्तोची कड,
विटांची उघडी घरं, एकेक दिवा,
आणि त्यांत ग्रंथालयाची खिडकी
मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच वेळ दिसत राहिली.

वही मांडीवर होती.
लाल वाक्य खोडायला खिशात हात घातला.
पेन वर्गातच राहिलं होतं.
मला ते दिसत होतं : फळ्याखाली,
खडूच्या भुकटीत,
बाणाच्या टोकाशी.