खट्

व्हिडिओ पावणेतीन मिनिटांचा.
शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
चौथ्या मजल्यावर, सहा खाटांच्या खोलीत
आम्ही चौघं जागे
आणि एका मोबाइलवर आठ डोळे.

आधी काळा पडदा. मग एक माणूस,
सोफा त्याचा, टीव्ही त्याचा, एकटाच खेळतोय.
मग त्याला कुठंतरी निघायचं असतं,
तर तो टीव्हीजवळच्या खाचेतून पाटी उपसतो,
दोन्ही अंगांना दोन मुठी सरकवतो —
खट्.
आणि खेळ जिथं होता तिथूनच पुढं,
जिन्यात, बसमध्ये, विमानात.

"मागं घे," नियाज म्हणाला, "तो खट् परत लाव."
सात वेळा लावला.
आठव्यांदा सुकुमारन चेट्टानं खालच्या खाटेवरून
मल्याळममध्ये काहीतरी म्हटलं,
जे भाषांतराशिवाय कळलं.

मग कुजबुजत भांडण.
नियाज परकार, बाणकोटचा,
शाळा बुडवून रुपयाला पाच मिनिटं खेळलेला,
म्हणाला, "बॅटरी किती? तीन तास?
तीन तासांत माझी बस जेबेल अलीला जाऊन परत येत नाही."
प्रवीण भुवड म्हणाला,
"दोन दगडांवर पाय आहेत याचे.
ना धड घरातला, ना धड बाहेरचा."
म्हणाला, आणि स्वतःच गप्प झाला.
त्याचं नाव गुहागरच्या रेशनकार्डावर,
बोटांचे ठसे इथल्या सरकारकडे.

मी लिफ्टचा माणूस. मी खाच बघितली.
रोज काढा, रोज घाला,
वर्षभरात ढिली होणार.
आमच्या दारांचं होतं तसंच,
मिटतात, पण मधे बोटभर उजेड राहतो.
हे मी बोललोही.
"तू ना, लग्नातसुद्धा मांडवाचे खांब हलवून बघशील," नियाज म्हणाला.

पण खरं सांगू?
खोलीतला टीव्ही चेट्टाचा.
साडेनऊ ते अकरा बातम्या, त्यात बदल नाही,
त्याच्या गावात पूर आला तेव्हा तर रात्रभर.
वरच्या खाटेवर पडदा ओढून
छातीवर ठेवण्याएवढं जग कुणी विकत असेल
तर खाच ढिली का असेना.

किंमत जाहीर नव्हती.
नियाजनं अंदाजानं रुपयांत मांडली, मी दिरहममध्ये,
प्रवीणनं सगळं ओव्हरटाइममध्ये आणलं:
अकरा शुक्रवार. आईचं मोतीबिंदू धरलं तर
एकोणीस.
"आईचं धरू नको," प्रवीण म्हणाला, आणि लगेच,
"धर, धर."

रोडेल इतका वेळ काही बोलला नव्हता.
तो तसाही बोलत नाही. भात लावतो,
सगळ्यांची ताटं धुतो, झोपतो.
त्यानं मोबाइल हातात मागितला,
व्हिडिओ थांबवला, नेमका मुठी सुटतात तिथं.
मोडक्या हिंदीत म्हणाला,
"ये दो है ना. एक घर भेज सकते?
एक मेरे पास. एक उसके पास."
उसके म्हणजे इलोइलोची मुलगी, सात वर्षांची,
जिला त्यानं दोनदा पाहिलंय.

एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला, पुन्हा सुरू झाला.
त्या मुठी खोलीच्या भिंतीपलीकडेसुद्धा
पोचत नसणार, हे मला माहीत होतं.
नियाजला तर माहीतच होतं,
ज्यानं बॅटरीवरून तासभर कुणाला सोडलं नव्हतं.
तो म्हणाला, "बघू.
अजून सगळं सांगितलंय कुठं त्यांनी."

पहाटे पाचला व्हॅन.
खिडकीला धूळ, पुढं लाल दिव्यांची लांब ओळ.
रोडेलच्या मांडीवर जेवणाचा डबा, आडवा.
डब्याच्या उजव्या अंगाला त्याचा अंगठा हलत होता.
डावं अंग त्यानं मोकळं सोडलं होतं.