वीजबिलाच्या पाकिटावर

रात्री तीनची औषधं वाटून झाली
की व्हर्ना स्किडमोर पाकीट उलटं करते.
वीजकंपनीचं. आतलं बिल अजून भरायचंय.
पाठीवर तिची शाळा.

एका क्रेडिटचे किती, क्रेडिट्स किती,
शरीररचना झालीय, पण सतरा वर्षांपूर्वी,
आणि कॉलेजच्या बाई फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या,
सात वर्षांनी ते शिळं होतं.
व्हर्नाला हसू आलं.
यकृत तिथंच आहे, बाई,
उजवीकडे, बरगडीखाली,
आत्ताच हात लावून आले.

हात लावला; ‘तपासलं’ असं मात्र तिला लिहिता येत नाही.
प्रॅक्टिकल नर्सनं फक्त नोंदवायचं:
पायाला सूज. ओठ निळसर. माणूस नेहमीसारखा चिडत नाही.
तपासायचं कायलीनं. वय तेवीस, रजिस्टर्ड,
मुलगी गुणाची, बूट पांढरेशुभ्र,
सही करताना हळूच विचारते, ‘काय लिहू, व्हर्ना?’
व्हर्ना सांगते.
सांगणं आणि सही
यांच्यात तासाला अकरा डॉलरचं अंतर.

कॉलेजं तीन.
पहिलं स्वस्त, पण त्याची पदवी वेस्ट व्हर्जिनियात चालत नाही,
हे त्यांनी फार बारीक अक्षरात कबूल केलंय.
दुसऱ्याच्या आकड्यापुढे तिनं प्रश्नचिन्ह काढलं,
मग त्याला डोळे, टोपी, मिशा.
तिसरं सरकारी. अभ्यास घरून,
प्रात्यक्षिकं चार्ल्सटनला, महिन्यातून दोनदा, शनिवार-रविवार,
डोंगरातून अडीच तास जायला, तेवढेच यायला,
आणि गाडी तर आत्ताच चढावर
ओडेल ट्रेडवेसारखी खोकते.

घर दरीत. तिथं सूर्यच दहाला उतरतो,
इंटरनेट उतरतच नाही.
म्हणून ड्यूटी सुटली की वाचनालयाच्या बंद दारापाशी
गाडी लावून, फोन स्टिअरिंगला टेकवून
ती मूत्रपिंडावरचं व्याख्यान ऐकते
आणि झोपते. व्याख्यान चालूच.
दार उघडायला आलेल्या मिस प्रुएट
काचेवर टिचकी मारतात:
‘सोडियमपर्यंत पोचलीस का गं?’

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
व्हर्ना रात्रीत बावीस अंथरुणं घालते,
एकही तिच्या मापाचं नाही.

नऊ नंबरमधला ओडेल ट्रेडवे,
अडतीस वर्षं खाणीत, फुप्फुसात अजून खाण,
झोप येत नाही म्हणून तिची प्रश्नांची कार्डं धरून बसतो.
चष्म्याशिवाय वाचतो, औषधांची नावं शिव्यांसारखी उच्चारतो,
तिचं उत्तर चुकलं की खेकसतो, बरोबर आलं तरी खेकसतो.
परवा मध्येच म्हणाला,
‘मुकादमाच्या परीक्षेचा फॉर्म आणला होता मी.
शर्टाच्या खिशात राहिला. बायकोनं धुतला.’
दम घेतला.
‘दुसरा मागता आला असता.’
आणि पुढचं कार्ड.

तर हिशेब असा:
दोन विषय परीक्षा देऊनच उडवायचे, फी कमी पडते.
नर्सिंग होम निम्मे देईल,
बदल्यात दोन वर्षं इथून हलायचं नाही
(हलून जायचं होतं कुठं?)
आईचं केबल बंद. आईला अजून सांगितलेलं नाही.
गिअरबॉक्स: देवाची मर्जी.
खाली रेघ. रेघेखाली आकडा,
त्याच्याखाली फॉर्मची शेवटची तारीख, शुक्रवार,
आजपासून चौथा दिवस.

नऊ नंबरचा दिवा लागतो.
पाकीट ती सवयीनं खिशात सरकवते,
दोन पावलं जाते,
परत येते,
काढून फ्रिजवर चुंबकाखाली लावते,
कायलीच्या डब्यावरच्या चिठ्ठीशेजारी, सगळ्यांना दिसेल असं.

मग नऊ नंबर.
ती नोंदवते: तीन वाजून चाळीस मिनिटं.
श्वास तीस. ओठ निळसर.
कार्डं छातीवर, उलटी.
‘पोटॅशियम विचारा ना,’ ती म्हणते.
माणूस चिडत नाही.

ती कायलीला हाक मारते.