सदतीस इंच

ओदगेरच्या शेडमध्ये आज नवी गाडी आली.
सीटांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.
रंगाला कंपनीनं लांबलचक नाव दिलंय,
स्टेनवोरला ते आठवत नाही.
ती म्हणते, करडा.

ओदगेर गाडीकडे बघतच नाही आधी.
पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसतो,
टायरच्या कुशीवरून अंगठा फिरवत वाचतो,
अंधारात दारावरची पाटी वाचावी तसा :
दोनशे पासष्ट. सत्तर. आर. सतरा.
मिलिमीटर, टक्के, एक अक्षर, इंच,
एका ओळीत नांदतायत, भांडण नाही.
मग एकशे पंधरा : म्हणजे बाराशे पंधरा किलो पेलीन.
मग एस : ताशी एकशे ऐंशीपर्यंत माझ्यावर सोड.
आणि लंबगोल चौकटीत चार आकडे,
एक्केचाळिसावा आठवडा, साल तेवीस.
"तूळ रास," तो म्हणतो. "घोळ घालणार."

उंची भरते साडेएकतीस.
"मुलांना शाळेत सोडायला झकास."

आता फेरी.
चाकांवरच्या कमानी चौकोनी, कोपरे जरासे तासलेले,
कडेला खरबरीत काळं प्लास्टिक, ओरखडा पोटात घालणारं.
बॉनेटच्या दोन्ही कडा उचललेल्या,
बसल्याजागी कळावं आपण कुठे संपतो.
(हे माणसांनाही बसवून मिळालं असतं तर.)
बंपरखाली दोन लाल हूक.
ओदगेर त्यांना बोटानं टिचकी मारतो :
"हे आवडलं. अडकणार, हे आधीच कबूल."
काचेच्या खालच्या कोपऱ्यात
नखाएवढा डोंगर कोरलाय कुणीतरी, टोकदार.
स्टेनवोर वाकून बघते.
"आमच्याकडचा नाही. आमचे माथ्यावर सपाट."

मग खडू.
कमानीवर पांढरी रेघ, तिच्यावर दुसरी, पहिली पुसून.
कुठल्याशा शहरात
हाच कोपरा कुणी महिनोन्‌महिने मातीत घडवला असेल,
उजेड त्यावरून कसा घसरतो ते पाहत,
अर्धा मिलिमीटर खरवडत, परत लिंपत.
ओदगेर चष्मा लावतो. ग्राइंडर सुरू करतो.

स्टेनवोर कॉफी घेऊन बाहेर जाते.
बचाव पथकात सोळा हिवाळे झाले,
माणसं उपसलीत बर्फातून,
पण हा आवाज तिला ऐकवत नाही.

परत येते तेव्हा चार कोपरे जमिनीवर,
कलिंगडाच्या फोडींसारखे वाकडे, अजून चकचकीत.
मागच्या भिंतीवर असे शंभरेक टांगलेत,
लाल, हिरवे, एक भलताच जांभळा,
खाली खडूनं मालकाचं नाव.
एकाखाली नाव नाही. पांढरा. तिचाच.
ती गाडी क्रोसाऊ नदीनं नेली, दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात,
आदल्या दिवशीचा उतार रात्रीत सरकला होता.
दोघी बाहेर आल्या, निथळत, वेड्यासारख्या हसत,
नंतर महिनाभर नीट झोप नाही.
गाडीचं काही मिळालं नाही,
नंबरप्लेटसुद्धा.
उरला तो एवढाच,
पहिल्याच दिवशी कापून टाकलेला.

ओदगेर करडी फोड त्याच्या शेजारी अडकवतो.
विचारत नाही काही. खडू तिच्याकडे धरतो.
ती म्हणते, राहू दे अजून.

संध्याकाळपर्यंत सदतीस इंची चढतात,
दातेरी, काळे, रबराचा ओला वास.
हिमनदीवर यांच्यातली हवा सोडायची,
तीन पौंडांवर आणायचं.
मग ते पोट सैल सोडून पसरतात
आणि माणसाच्या चालीनं जातात,
एकशे ऐंशीची ती बढाई विसरून.

बिल. सही. किल्ली.
स्टेनवोर सवयीनं पाय टाकते
आणि पायरी चुकते.
ओदगेर दुसरीकडे बघतो.
पावणेतीन इंच.
टेपनं मोजायची गरज नाही,
गुडघ्याला कळतात.